रजा तिथी बघून टाका: दूरच्या किनाऱ्यावर गळ टाकायला जाताना

भंडाऱ्याहून निघून कुडाळ स्टेशनावर उतरेपर्यंत माझा एक अख्खा दिवस जातो, गाडी रखडली तर वर थोडा आणखी. एवढ्या लांब जाऊन हातात खरे दिवस उरतात चार. पहिल्या खेपेला त्यातले अडीच मी वाया घालवले. वैनगंगेकाठी बसतो तसा सकाळी दहाला बसलो, टोपी घातली, गळ टाकला आणि चार वाजेपर्यंत पाण्याकडे बघत राहिलो. नदीत हे चालतं. वाम असो की मरळ, मासा आपल्या डोहातच असतो, प्रश्न फक्त त्याच्या मर्जीचा. समुद्रात मासा पाण्याबरोबर येतो आणि पाण्याबरोबर जातो. तुम्ही बसलात तेव्हा तो तिथे नसेल, तर दिवसभर बसूनही काही लागत नाही.

त्यानंतर दर हिवाळ्यात सिंधुदुर्गात जातो आहे. मुक्काम निवती-भोगवे भागात असतो, कधी वेंगुर्ल्याला. आमच्यासारख्या समुद्र न बघता वाढलेल्या माणसाला उपयोगी पडेल ते क्रमाने सांगतो.

तारीख

रॉड कोणता घ्यावा हे नंतर. आधी पंचांग काढा.

कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, येतील तेवढ्या वाजता पूर्ण भरती. द्वादशी असेल तर बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, म्हणजे नऊ. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू. रोज भरती पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, आणि सकाळच्या भरतीनंतर साधारण साडेबारा तासांनी दुसरी येते. हा हिशेब मुंबईच्या बाजूला चांगला बसतो. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून निवती-वेंगुर्ल्याला त्यातून पाऊण-एक तास वजा करायचा. अर्ध्या तासाची चूक धरून चाला. नेमकी वेळ मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्यात मिळते, पण तीन महिने आधी रेल्वेचं आरक्षण करताना पंचांगच हाताशी लागतं.

मासे किनाऱ्याला लागतात ते पाणी चढत असताना, विशेषतः भरती पूर्ण व्हायच्या आधीच्या दोन-अडीच तासांत. ऊन चढायच्या आधी आणि उतरल्यावर ते जास्त बिनधास्त असतात. म्हणजे चढतं पाणी आणि उजाडण्याची वेळ, दोन्ही एकत्र यायला हवं. सिंधुदुर्गात हे जमतं द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशीला, शुद्ध असो वा वद्य. तेव्हा सकाळची भरती आठ ते साडेनऊच्या दरम्यान पूर्ण होते आणि संध्याकाळची तशीच रात्री. अंधार फिटल्यापासून आठपर्यंत एक डाव, साडेपाचपासून दिवेलागणीनंतर तासभर दुसरा. मधल्या दुपारी ओहोटी, ती कशी वापरायची ते पुढे सांगतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. ते दिवस टाळा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मासा चांगला लागतो असं जाणकार सांगतात, ते खरंही आहे, पण नवख्याने उधाणात खडकावर उभं राहू नये.

महिने कार्तिक ते माघ. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर गळ घेऊन जायचं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना तर मासेमारीबंदीच असते, पण बंदी नसती तरी त्या लाटांत काठावर उभं राहण्यात अर्थ नाही.

सामान

दुकानदाराला "समुद्रावर जातोय" म्हटलं की तो बारा फुटी रॉड काढतो. आरक्षित डब्यात बारा फुटी रॉड घेऊन झोपायचं कसं, हे त्याला विचारा. दुमडून दोन-अडीच फूट होणारा टेलिस्कोपिक रॉड, उघडल्यावर नऊ-दहा फुटी, पुष्कळ झाला. तो पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घालायचा, दोन्ही टोकांना झाकणं. माझा पाइप प्लंबरकडून आणलेला आहे आणि दोन रॉड मोडल्यानंतर आणलेला आहे. चिपीच्या विमानतळाने जाणार असाल तर गळाचे काटे, शिसं, सुरी, पक्कड सगळं चेक-इन सामानात.

रील ४००० नंबरचं. त्यावर ०.३५ मि.मी. जाडीची नायलॉनची दोरी दीडशे-दोनशे मीटर. या दोरीला इकडे तंगूस म्हणतात आणि गळाच्या काट्याला गरी. गळ टाकून मासे धरणं म्हणजे गरवणं. हे तीन शब्द पाठ करून जा, गावात बोलणं सोपं होतं. खडकाळ जागेसाठी ०.५० चं एक छोटं रीळ वेगळं ठेवा.

गऱ्यांच्या नंबरात घोळ होतो. साध्या नंबरात आकडा मोठा तितकी गरी लहान, म्हणजे ८ नंबर ही ४ पेक्षा छोटी. १/० पासून पुढे उलटं, २/० ही १/० पेक्षा मोठी. वाळूवरच्या मुडदुशांसाठी, म्हणजे तिथल्या वीतभर माशांसाठी, ६ आणि ८, खडपावर (समुद्रात शिरलेल्या खडकांवर) आणि खाडीत १/० आणि २/०. प्रत्येकी वीस तरी घ्या, कारण खडक गऱ्या खातो. शिसं ३० ते ६० ग्रॅमचं. लांब टोकाची पक्कड, हेडलॅम्प, जाड सुती टॉवेल आणि मागे पट्टा असलेले, तळ पकड घेणारे बूट. स्लिपर नको. रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे खोटे मासे पहिल्या खेपेला घेऊ नका. ते चालतात, पण ते चालवायला हात बसावा लागतो आणि तुमच्याकडे चार दिवस आहेत.

पहिली दुपार: गळ पिशवीतच

पोचलात की हात शिवशिवतात. तरी थांबा. दुपारी दोनच्या सुमारास, पाणी पार उतरलेलं असताना, किनाऱ्यावर नुसते चालून या. उद्या सकाळी जे पाण्याखाली असणार आहे ते सगळं आत्ता उघडं आहे. वाळूत कुठे लांबट खळगा आहे, खडपात कुठे घळ आहे, कुठे कालवांचे धारदार कवच आहेत ज्यावर तंगूस कापला जाईल, हे डोळ्यांनी दिसतं. मी मोबाइलवर फोटो काढतो आणि प्रत्येक फोटोत किनाऱ्यावरची एखादी हलणार नाही अशी खूण येऊ देतो, माड, घर, कुंपण. सकाळी त्या खुणेवरून अंदाज घ्यायचा.

त्याच फेरीत माणसं भेटतात. इथल्या ओहोटीला सुकती म्हणतात. "काका, सुकती किती वाजता लागतली?" एवढं मोडकं मालवणी बोललात तरी समोरचा हसतो आणि मग "खयसून इलास?" (कुठून आलात?) पासून सुरुवात होते. भंडारा सांगितल्यावर मला नकाशा काढून दाखवावा लागला होता. रापण ओढण्याची जागा कुठली, हे मात्र आवर्जून विचारा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं, पंधरा-वीस माणसं दोन्ही टोकांना लागतात. त्या पट्ट्यात तुमची गरी अडकली तर जाळंही फाटतं आणि ओढणाऱ्याचा हातही. लोकांचं ते पोट आहे, आपली हौस.

एक जागा नकाशावरूनच वगळा. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचं पाणी मिळून सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य आहे, १९८७ साली जाहीर झालेलं. त्याच्या हद्दी पाण्यावर आखलेल्या नसतात. मालवण शहरापुढे गळ टाकायचा मोह झाला तर आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा. मी तिकडे फक्त जेवायला जातो.

आमिष आणि गाठ

गांडुळं डब्यात भरून नेऊ नका. मी नेली होती. खाऱ्या पाण्यात ती क्षणात लुळी पडतात. सकाळी बाजारात पावशेर ताजी कोळंबी घ्या, सुंगटां म्हणायचं. सोबत दोन-चार तारल्या आणि मिळाला तर एखादा म्हाकूल, म्हणजे स्क्विड. म्हाकुलाची कातडीसारखी पट्टी गरीवर सर्वांत जास्त टिकते, लहान मासे टोचून टोचून ती काढू शकत नाहीत. तारलीची पट्टी वासाला तेज पण मऊ. तिला आदल्या रात्री खडे मीठ लावून ठेवलं की घट्ट होते. कोळंबी सोलून, शेपटीकडून गरी शिरवून, वाकाप्रमाणे वळवत न्यायची, टोक किंचित बाहेर. मुडदुशासाठी अख्खी नको, नखाएवढा तुकडा.

जोडणी साधी ठेवा. मुख्य दोरीत शिसं ओवा, ते सरकतं राहू द्या. खाली स्विव्हल, म्हणजे दोन कड्यांची फिरती जोडणी, बांधा. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला हात-दीड हात तंगूस आणि त्याच्या टोकाला गरी. मासा आमिष ओढतो तेव्हा दोरी शिशाच्या भोकातून सरकते, त्याला वजन जाणवत नाही.

गाठ मात्र नीट बघा, मासे सुटतात ते बहुतेक इथे. तंगुसाचं टोक गरीच्या डोळ्यातून काढा, चार बोटं लांब राहू द्या. ते टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. आता डोळ्यालगत एक बारीक फट दिसते, टोक तिच्यातून घाला. त्याने एक मोठा फास तयार होतो, त्यातूनही टोक परत घ्या. आता ओढायच्या आधी गाठ तोंडात घालून ओली करा. कोरडी ओढलीत तर घर्षणाने नायलॉन तापतो आणि तिथेच कमकुवत होतो, दिसायला गाठ झकास आणि पहिल्या झटक्यात तुटणार. ओली करून सावकाश ओढा, वेढे एकावर एक बसलेले दिसले पाहिजेत. मग गरी कशात तरी अडकवून जोर लावून बघा. घरी जेवणाच्या टेबलाच्या पायाशी बसून वीस गाठी मारा. अंधारात, वाऱ्यात, खारट बोटांनी तीच मारायची आहे.

वाळूवर

पहिली सकाळ वाळूवर घालवा, भोगव्यासारख्या लांब किनाऱ्यावर. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, पाणी शांत आणि फेक चार हात जास्त लांब जाते. दुपारनंतर खारा वारा तोंडावर येतो, तेव्हा तीच फेक पायाशी पडते.

लाटांकडे पाच मिनिटं बघा. जिथे लाटा फुटून पांढऱ्या होतात तिथे वाळू उथळ आहे. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये जिथे पाणी गडद आणि लाट फुटल्याशिवाय पुढे येते, तिथे खळगा आहे. मासा त्या खळग्यातून चरत येतो, गळ तिथे. एक लक्षात ठेवा, किनाऱ्यावर आलेलं पाणी परत ओढलं जाण्याची वाटही बहुधा तीच असते. गळ तिथे टाका, पाय तिथे घालू नका. गुडघ्याच्या वर पाण्यात जायची गरज कधीच नसते. सकाळचे मुडदुशे तर वीस-पंचवीस पावलांवर असतात, नवखे त्यांच्या डोक्यावरून गळ फेकतात.

फेकल्यावर शिसं तळाला टेकू द्या, दोरीतली ढील काढा आणि दर अर्ध्या मिनिटाला रील दोन वळसे फिरवा. सरकणाऱ्या आमिषामागे मुडदुसा येतो. त्याचा इशारा म्हणजे रॉडच्या टोकाला दोन-तीन झटपट टकटक. मरळीला देतो तसा हिसका देऊ नका, तोंड नाजूक असतं. रॉड नुसता उचलायचा. मुंबईकडे मुडदुशाला रेणवी म्हणतात. वीतभर मासा, पण रवा लावून तळलेला असा मासा मी नदीत कधी पाहिला नाही, हे भंडाऱ्यात बोलायची सोय नाही.

खडपावर

खडप म्हणजे समुद्रात शिरलेला खडकांचा पट्टा. गोब्रा, तांबोशी, कोकर हे मासे इथे मिळतात आणि माणसांचे जीवही इथेच जातात.

निवतीच्या बाजूला एका दुपारी मी पाणी सुकलेलं बघून पुढच्या एका सपाट खडकावर गेलो. मधली घळ कोरडी होती, उडीही मारावी लागली नाही. गोब्रे टोचत होते, मी पाठ वळवली नाही. तासा-दीड तासाने वरून कोणीतरी ओरडलं, "थय रवू नकात, पाणी मागसून येतला!" वळून बघितलं तर घळीत मांड्यांपर्यंत पाणी, आणि प्रत्येक लाटेला कमरेपर्यंत. परतलो, पण मोबाइल, आमिष आणि एक बूट गेला. चूक संपूर्ण माझी होती. पुढची लाट बघत होतो, मागची वाट बघितली नव्हती.

भरती एकसारखी चढत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात पाणी चढतंय हे कळतही नाही. तिसऱ्या आणि चौथ्या, या दोन तासांत मिळून निम्मं पाणी चढतं. म्हणून खडपावर जायच्या आधी मोबाइलवर गजर लावा, ओहोटी संपल्यावर दीड तासाचा. वाजला की गळ गुंडाळायचा, लागलेला असला तरी. मुंबईत उधाणाला चार मीटरच्या आसपास चढउतार होतो, इथे जेमतेम दोन-सव्वादोन. पण घळ बुडायला मीटरभर पुरतं.

उभं राहण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं लांबून बघा. जो खडक ओला आणि काळाहिरवा आहे, तिथपर्यंत पाणी येतं, मग आत्ता येत नसलं तरी. कोरड्या, पांढरट खडकावरच उभं राहा. दूरच्या वादळाची लाट इथे वारा नसतानाही येते, म्हणून हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा निघायच्या आधी बघायचा. एकट्याने जायचं नाही. अडचण आली तर ११२, किंवा तटरक्षक दलाचा १५५४.

आता मासा. इथे शिसं अडकतंच. म्हणून शिसं मुख्य दोरीत ओवण्याऐवजी स्विव्हलच्या कडीला वेगळ्या, पातळ दोरीने लटकवा. अडकलं तर पातळ दोरी तुटते, शिसं जातं, मासा आणि गरी येते. गोब्रा आमिष घेतो तेव्हा टकटक नसते, सरळ एक जड ओढ. त्या क्षणी ओढून घेतलंत तर तुमचा, दोन श्वास थांबलात तर तो कपारीत. शिरलाच तर ताणत बसू नका. दोरी पूर्ण ढिली सोडा, चार-पाच मिनिटं स्वस्थ बसा. पुष्कळदा तो आपणहून बाहेर येतो.

खाडीचं थोडक्यात: खवळलेल्या समुद्राच्या दिवशी आचऱ्यासारख्या खाडीच्या काठी जा. काळुंद्र्याला लहान गरी आणि कोळंबीचा कण, तांबोशीला संध्याकाळी कांदळवनाच्या कडेला जिवंत छोटा खेकडा. कर्ली नदीच्या मुखाशी, देवबाग-भोगव्याच्या मधल्या पाण्यात, ओढ भयंकर असते. तिथे काठावरूनच. अंधारात बसणार असाल तर शेजारच्या घरात सांगून ठेवा आणि ओळखपत्र खिशात ठेवा. रात्री किनाऱ्यावर दिवा घेऊन बसलेल्या अनोळखी माणसाला गाव विचारणारच, आणि विचारावंच.

काय लागलं ते आधी ओळखा

शेंगाळ्याला (कॅटफिश) पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक काटा असतो, विषारी आणि करवतीसारखा. हाताने धरू नका, टॉवेलने दाबून पक्कडीने गरी काढा. पाकटाच्या (स्टिंगरे) शेपटीत काटा असतो. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे ते बाजूला होतात. काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवा, ठणका बराच उतरतो, आणि डॉक्टरकडे जाच. फुगणारा केंड लागला तर गंमत म्हणून फोटो काढा आणि सोडा. त्याचं विष शिजवून जात नाही. मांजरालाही घालू नका.

लहान मासे हात ओले करून धरायचे आणि लगेच पाण्यात. तुटलेला तंगूस, अगदी वीतभर असला तरी, खिशात घालून परत आणायचा. या किनाऱ्यांवर कासवं येतात, त्यांच्या पायाला तो गुंडाळतो.

ठेवायचा मासा लगेच मारा, पोट साफ करा आणि बर्फात घाला. बर्फ मासळीबाजारात मिळतो. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी काकूंना आदल्या दिवशी विचारून ठेवा की आणला तर कराल का. मी एकदा रात्री नऊला सहा मुडदुशे घेऊन दारात उभा राहिलो, त्यांनी केले, पण भांडी मी घासली.

निघायच्या आदल्या रात्री रील गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरा, जोरात फवारा मारू नका, मीठ आत जातं. ब्रेकचा स्क्रू ढिला करा, पुसा, उघड्यावर वाळू द्या. रॉडचा प्रत्येक टप्पा वेगळा पुसा, नाहीतर कणभर वाळूने तो अडकतो आणि पाइपात जात नाही. गऱ्या वापरलेल्या आणि कोऱ्या एका डबीत ठेवू नका, एकीचा गंज सगळ्यांना लागतो. आमिषाची पिशवी मात्र स्टेशनाआधीच टाका. उरलेल्या तारल्या मी एकदा बर्थखाली विसरलो होतो, आणि सकाळी नाशिकच्या आसपास डब्यातल्या सगळ्यांनी मिळून त्या शोधून काढल्या.